अक्षर दिसता कामा नये

आमच्या अण्णांचा ट्यूबलाइटवर विश्वास नाही. कापड असो, हापूसची पेटी असो, नाहीतर कोणाच्या मुलीचा स्थळासाठी काढलेला फोटो असो, हातात आलं की "उजेडात बघू" म्हणत अण्णा थेट रस्त्यावर. पनवेलच्या त्या अरुंद गल्लीत मधोमध उभं राहून, ब्लाउजपीस उन्हात धरून डोळे बारीक करणारा हा गृहस्थ दिसला की रिक्षावालेसुद्धा हॉर्न न वाजवता कडेनं निघून जातात. उगाच वाजवला तर अण्णा रिक्षाच्या हुडाचाही रंग तपासतील, ही भीती.

खाली अण्णांचं 'माधवी मॅचिंग सेंटर' आणि वर पोटमाळ्यावर माझं वेबसाइट बनवायचं दुकान. दोन कॉम्प्युटर, एक पंखा, धंदा जेमतेम. साडीला ब्लाउज, फॉल, अस्तर जुळवण्यात अण्णांचे केस पांढरे झाले. त्यांना रंग नावानं ठाऊक: शेवाळी, आमसुली, कच्च्या कैरीचा, पिकल्या कैरीचा आणि नावडत्या गिऱ्हाइकासाठी 'शिळ्या चहाचा'. कॉम्प्युटरवर प्रत्येक रंगाला नंबर असतो असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे किवेनं पाहिलं.

"रंगाला नंबर? अरे, तो काय कैदी आहे?"

माधवी ही त्यांची एकुलती एक लेक. तिनं पुण्यात परस्पर रजिस्टर लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर मस्कतला गेली. लग्नाचा फोटो पोस्टानं आला, तो अण्णांनी रिवाजाप्रमाणे रस्त्यावर नेऊन पाहिला. "ब्लाउज रेडिमेड आहे. साडीपेक्षा दोन शेड पिवळा," एवढंच म्हणाले आणि त्या दिवसापासून लेकीशी अबोला धरला. जावई कोण, कुठला, यावर एक शब्द नाही. दुकानावरची तिच्या नावाची पाटी मात्र दर दिवाळीला न चुकता रंगवून घेतात.

एकदा माधवीची मैत्रीण अस्तर घ्यायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, की माधवी तिकडे संध्याकाळी इंटरनेटवर पनवेलचं काय काय शोधत बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा जिना चढून माझ्यासमोर हजर.

"दुकानाची वेबसाइट करायची. जमाना बदललाय."

आता वेबसाइट बघून फॉल-पिको करायला कळंबोलीहूनसुद्धा कोणी येणार नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. ती कोणासाठी, हे मला कळलं, अण्णांच्या बायकोला, म्हणजे काकूंना कळलं, अख्ख्या गल्लीला कळलं. कोणालाच कळलेलं नाही, असं फक्त अण्णांना वाटत होतं.

पत्ता, वेळ, मालाचे फोटो झाले. मग त्यांनी खाली एक ओळ घालायला सांगितली: 'घरी सगळे बरे आहेत. आंबा यंदा चांगला आहे.' मी मुकाट्यानं टाइप केली. मागचा रंग डाळिंबी ठरला, कारण तो माधवीच्या आवडीचा.

"आणि अक्षरं कुठल्या रंगात?"

"डाळिंबीच."

मला वाटलं, थट्टा करताहेत. "अण्णा, डाळिंबीवर डाळिंबी दिसणार कसं?"

"दिसता कामाच नये! फॉलचा धागा साडीवर दिसला, तर बाई साडी तोंडावर फेकते. जन्मभर हेच केलं मी."

"पण ही साडी नाही. हे वाचायचं आहे. गडदावर फिकट हवं, नाहीतर फिकटावर गडद."

"तो भडकपणा झाला," अण्णांनी निकाल दिला.

मी अक्षरं पांढरी केली, तर "चुना सांडलाय." पिवळी केली, तर "हळदीकुंकू आहे का?" शेवटी अक्षरं पुन्हा डाळिंबी करून उजेडात बघायचं ठरलं. तो जुन्या टीव्हीएवढा मॉनिटर आम्ही दोघांनी उचलून, वायरीला वायर जोडत गॅलरीत नेला. उन्हात पडद्यावर ना डाळिंबी दिसलं, ना अक्षर. दिसला तो अण्णांचाच चेहरा आणि त्यामागे समोरच्या दवाखान्याची पाटी.

"कापड उजेडात खरं बोलतं," अण्णा खिन्न होऊन म्हणाले, "हे तर मुकंच झालं."

मॉनिटर आत आणला. उरणहून चोळीचं कापड न्यायला आलेल्या हिरामावशी कोळणीला मी साक्षीला वर बोलावलं. मावशींनी पडदा डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला.

"कापड झ्याक हाय अण्णा. पन लिवलंय काय त्याच्यावर? मना तं कायच दिसत नाय."

"बघ!" अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले. "याला म्हणतात मॅचिंग."

माझं डोकं फिरलं. "अहो, मग ही ओळ वाचणार कोण?"

अण्णांनी बोटानं पडद्यावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "जिला वाचायचंय ती शोधून वाचेल. गावानं वाचायला ती काय जाहिरात आहे?"

लेकीला हाक तर मारायची, पण ती शेजाऱ्यांना ऐकू जाता कामा नये. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. अक्षरं डाळिंबीच राहिली.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी, अण्णांच्या झोपेच्या वेळी, ते गंजीफ्रॉकवरच धापा टाकत वर आले.

"काळं कर."

"काय?"

"अक्षर. पांढऱ्यावर काळं. आणि मोठं कर, चांगलं ठसठशीत."

"आणि मॅचिंग?"

"खड्ड्यात गेलं मॅचिंग. माधवीला चष्मा लागलाय."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला कोण सांगणार! दुपारी मी आडवा झालो की तुझी काकू हळू आवाजात तिच्याशी फोनवर बोलते. तिला वाटतं, मी झोपलोय."

मी मागचा रंग पांढरा केला, अक्षरं काळी केली, मोठी केली. अण्णा खुर्ची ओढून पडद्यापुढे बसले आणि ती ओळ पुन्हा पुन्हा वाचू लागले. मला राहवलं नाही.

"अण्णा, मग सरळ उठून तिच्याशी दोन शब्द का बोलत नाही?"

"उठलो आणि काकूनं घाबरून फोन ठेवला तर?" ते पडद्याकडे बघतच म्हणाले. "मग पोरीचं मला काहीच कळायचं नाही रे."