फ्रीज लागलेली कौसामावशी

बक्षीसवाल्याचा फोन आला की आमची कौसामावशी आधी चहा टाकते. मग स्पीकर लावून ओट्यावर ऐसपैस बसते आणि पलीकडच्या माणसाचा घसा बसेपर्यंत त्याला बोलतं ठेवते.

जांबे गावात मी तिचा भाडेकरू. असा फोन आला की मी लगेच कापतो. मावशीला ते अजिबात पटत नाही.

"कापतोस कशाला? तुज्याकडनं सुटला की दुसऱ्याला धरतो. हितं गुतून पडंल तेवढा येळ बाकीचे वाचले!"

"माताजी, आपको कार लगी है," फोनमधला सांगतो.

"कंच्या रंगाची? लाल नगं. आमची म्हस बुजती."

तो बिचारा रंग बदलून देतो. मग मागच्या सीटवर वैरणीचे भारे मावतील का, याची चौकशी होते. शेवटी तो फीचं नाव काढतो, तेव्हा मावशी कप खाली ठेवते. "आदी गाडी आन, मंग बोल!" जमीन मागणाऱ्या बिल्डरला आणि मतं मागणाऱ्या उमेदवारालाही ती हेच ऐकवते. फक्त गाडीच्या जागी रस्ता किंवा पाणी येतं.

गेल्या वर्षी मात्र फोन नाही, माणसंच आली. टाय लावलेले दोघं टेम्पो घेऊन चौकात उभे राहिले. कूपन खरवडा, फ्रीज जिंका! मावशीच्या पुतण्याच्या बायकोला, सविताला, फ्रीज लागला. तो घरपोच करायचे पैसे तिनं तिथंच भरले. फ्रीज आला नाही. त्या दोघांचे फोनही लागेनात.

गावानं तिचं नाव 'फ्रीजवाली' ठेवलं. नवराही चारचौघांत विचारायचा, "पाणी गार झालं का?" सविता घराबाहेर पडेनाशी झाली.

बचत गटाच्या बैठकीला मावशीनं तिला हाताला धरून आणलं. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, तशी मावशी उठून उभी राहिली.

"मला बी लागलेला फ्रीज. मी बी पैसं दिलं."

सगळ्यांचे पदर खाली आले. मग एक जण फिसकन हसली.

"हस की, मोठ्यानं हस! चोरी त्यांनी केली आन् तोंड आमी लपवायचं व्हय?"

कोपऱ्यातून सरपंचांची बहीण हळूच म्हणाली, "मी बी दिलं." मग आणखी एक, मग आणखी चार. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी पोलीस चौकीत गेल्या, सविता सगळ्यांच्या पुढं. मावशी मात्र हवालदाराला म्हणाली, "सायेब, माझं ऱ्हाऊ द्या, यांचं लिवा." पुढं ते दोघं शेजारच्या तालुक्यात टेम्पोसकट सापडले. सविताला 'फ्रीजवाली' म्हणायची कुणाची छाती होईना.

मला एक गोष्ट कळेना. टेम्पो आला तो अख्खा दिवस मावशी पिरंगुटला होती, माझ्या गाडीवर मागं बसून डोळे दाखवायला आलेली. शेवटी विचारलंच, "मावशी, तुम्ही तर गावातच नव्हता."

ती शेळ्यांना पाला टाकत होती.

"नवरा मला सोडून गेला तवा गाव असंच हसलं हुतं," ती म्हणाली. "लई बायकांचं तसंच झाल्यालं, मला ठाव हुतं. पर एक बी म्हणली न्हाई, 'मी बी.'"