बंदुकांची खंडेनवमी

खंडेनवमीच्या सकाळी रवी रंगाच्या गोळ्या आणायला बीडला गेला आणि जाता जाता आईला सांगून गेला, की औंदा नव्या बंदुका पुजेत मांड. उमाबाईंनी मांडल्या. मांडण्याआधी त्यांनी काय केलं, ते मात्र रवीला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, आणि तोवर मैदानात दहा माणसं मुखवटे घालून उभी होती.

बंदुका म्हणजे खऱ्या नव्हेत, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर वाचणारा उगाच घाबरायचा. पेंटबॉलच्या बंदुका. पेंटबॉल म्हणजे मोठ्या माणसांनी पैसे देऊन खेळायची रंगपंचमी. तोंडावर मुखवटा चढवायचा, बंदुकीत रंगाच्या गोळ्या भरायच्या, टायरांच्या ढिगाआड लपायचं आणि एकमेकांना नेम धरून मारायचं. ज्याच्या अंगावर गोळी फुटली तो बाद. केजहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर रवीचे वडील पंचाक्षरीआप्पा यांचं मोटार-पंप आणि पाइपांचं दुकान आहे. त्यामागच्या मोकळ्या जागेत रवीने सहा वर्षांपूर्वी हे मैदान काढलं, तेव्हा घाटावरच्या एका बंद पडलेल्या कॅम्पातून दहा जुन्या बंदुका आणल्या होत्या.

आप्पांना खेळाचं काडीचं कौतुक नव्हतं, पण बंदुका त्यांनी हातात घेतल्या आणि तिथेच त्यांचा जीव जडला. लेथवर कातलेलं अंग, आत एक स्प्रिंग, एक दांडी, चार रबरी रिंगा. पंपाच्या माणसाला यात न कळण्यासारखं काही नव्हतं. रिंग झिजली की दुकानातल्या डब्यातून पाण्याच्या मोटारीची रिंग काढून बसवायची. महिन्यातून एकदा आप्पा दहाच्या दहा बंदुका साबणाच्या पाण्यात धुवायचे, उन्हात वाळवायचे, तेलाचा थेंब सोडायचे. सहा वर्षांत एकही बंदूक एक दिवससुद्धा आजारी पडली नाही.

आणि तरीही गिऱ्हाईक तुटत चाललं. पोरं यायची, बंदूक उचलायची आणि तोंड वाकडं करायची. ही जड आहे. एकदा खटका ओढला की एकच गोळी सुटते. हिला लाइट नाहीत. मोबाइलवरच्या व्हिडिओंत बंदुका निळ्या-हिरव्या उजळत होत्या आणि गोळ्या कशा पावसासारख्या पडत होत्या. आप्पांना याचं फार वाईट वाटायचं. त्यांचं यावर एक मत होतं आणि ते दुकानात बसलेल्या प्रत्येकाला ते ऐकवायचे.

"जी वस्तू बिघडत न्हाई तिच्याबद्दल कुनी बोलत न्हाई. आन् जिच्याबद्दल कुनी बोलत न्हाई, ती जुनी झाली म्हनतेत."

मत बरोबर होतं, पण मताने मैदान चालत नाही. गणपतीत आप्पांनी रवीला स्पष्ट सांगितलं, की दसऱ्यापर्यंत चार माणसं यायला लागली तर ठीक, नाहीतर दिवाळीच्या पाडव्याला तिथे पाइपा उतरतील. रवीची झोप उडाली. त्यातच नांदूरघाटच्या सुंदररावांची नात प्रियदर्शनी, अंबाजोगाईला मेडिकलला शिकणारी, मैदान बघून गेली. दसऱ्याला सगळं कुटुंब गावी जमणार होतं आणि त्यांना खेळायचं होतं. सुंदरराव म्हणजे मोठे बागायतदार, सभासमारंभात पहिल्या रांगेत बसणारे. त्यांच्या घरचे एकदा खेळून गेले की निम्मा तालुका मागोमाग येणार. पण प्रियदर्शनीने जुनी बंदूक दोन बोटांनी उचलून बघितली आणि विचारलं, "हे तुमचं सामान कधी बदलनार हाय?"

रवीने तिथल्या तिथे हो म्हटलं आणि आठ दिवसांत दहा नव्या बंदुका आणल्या. हलक्या, बॅटरीवर चालणाऱ्या, अंगभर निळे लाइट. जुन्या बंदुका त्याने पोत्यात भरल्या आणि खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी आप्पा दुकानात असताना नाक्यावरच्या हरिबा भंगारवाल्याकडे टाकून आला. आप्पांना हे रात्रीच्या जेवणाला कळलं.  ते भाकरी अर्धी ठेवून उठले आणि तेव्हापासून रवीशी बोलेनासे झाले.

खंडेनवमीला हत्यारं धुवून, पुसून पुजेत मांडायची, हे उमाबाईंना लहानपणापासून माहीत होतं. सासरी आल्यापासून त्यांनी दरवर्षी पाना, पक्कड, पाइप कापायची करवत, विळी, खलबत्ता, सगळं स्वतःच्या हाताने धुतलेलं होतं. आणि बंदुका धुवायच्याच असतात, हे तर त्यांनी सहा वर्षं नवऱ्याला धुताना बघून पक्कं केलेलं होतं. म्हणून रवी बीडला गेल्यावर त्यांनी बादलीत साबण कालवला, दहा नव्या बंदुका आतबाहेर खळखळून धुतल्या, कपड्यांच्या दोरीला उलट्या टांगून निथळवल्या आणि मग भस्माची बोटं ओढून, हळदकुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून ओळीने मांडल्या.

संध्याकाळी रवी परत आला आणि बंदुकांची चमक बघून खूश झाला. त्याला एकदा चालवून बघायची होती. त्याने हात पुढे केला तशा उमाबाई म्हणाल्या, "पूजा हलवल्याबिगर हत्याराला हात लावायचा न्हाई. उद्या सकाळी." रवीने आप्पांकडे बघितलं. आप्पा त्याच्याशी बोलत नव्हते, पण मान त्यांनी बायकोच्या बाजूने हलवली.

दसऱ्याच्या सकाळी पूजा हलेपर्यंत, जेवणं होईपर्यंत आणि मैदान झाडेपर्यंत दुपार झाली. सुंदररावांच्या दोन गाड्या आल्या. एक साधी, एक पांढरीशुभ्र. सुंदरराव कडक इस्त्रीचं धोतर आणि सदरा घालून उतरले, सोबत मुलगा विजयसिंह, प्रियदर्शनी आणि भावकीतले सातजण. रवीने सगळ्यांना मुखवटे दिले, बंदुकांना हवेच्या टाक्या लावल्या, गोळ्या भरल्या आणि पहिली बंदूक चालू केली. निळे लाइट लागले. सगळे "वा" म्हणाले. रवीने टायरांकडे तोंड करून खटका दाबला.

काही झालं नाही. दुसरीचं तेच. तिसरी, चौथी, पाचवी, लाइट मात्र सगळ्यांचे मन लावून लागत होते. सहाव्या बंदुकीचं तोंड खाली करून रवीने तिला हलवलं तर तिच्यातून चमचाभर पाणी पडलं. रवीने पाण्याकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या आईकडे.

"आई, तू ह्या धुतल्या का?"

"मग पारोश्या पुजायच्या व्हय?" उमाबाई म्हणाल्या.

 रवीने सहावी बंदूक टेबलावर ठेवली आणि सातवी उचलली. एवढ्यात सहावीला आपोआप जाग आली. कुणी हात लावलेला नसताना ती टरटर सुरू झाली आणि धक्क्याने टेबलावर गोल फिरत गेली. माणसं भराभर खाली बसली. गुलाबी गोळ्यांची एक रांग पांढऱ्या गाडीच्या पुढच्या दिव्यापासून मागच्या दारापर्यंत फुटत गेली आणि शेवटची सुंदररावांच्या धोतरावर, गुडघ्याच्या खाली.

 विजयसिंह रवीच्या अंगावर धावला, "काय बे, डोकं हाय का ठिकानावर?"  मैदान गेलं, पाइपा उतरल्या, एवढंच रवीला दिसत होतं. सुंदररावांनी खाली वाकून धोतरावरचा रंग बघितला, मग गाडीवरचा बघितला. यंदा त्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट मिळेल की नाही, याची चिंता त्यांच्या घरात कुत्र्यालासुद्धा होती.

"लोकं निवडून आल्यावर गुलाल टाकतेत," ते सावकाश म्हणाले. "ह्या पोरानं दसऱ्यालाच टाकला. शकुन चांगला हाय, विजू. गाडी धुवू नको आज."

विजयसिंहाने मान खाली घातली.  सुंदररावांनी खुर्ची मागवली, तिच्यावर बसले आणि विचारलं, की पण आता खेळ कधी? रवी म्हणाला, अर्ध्या तासात. कशाने, ते त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. त्याने मोटारसायकलला किक मारली, तेव्हा मागे कुणीतरी बसलं. आप्पा होते.

"नाक्यावर घे," ते म्हणाले. दोन दिवसांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं.

रस्ताभर रवी मनात एकच म्हणत होता, की हरिबाने अजून फोडल्या नसल्या म्हणजे मिळवली. पण हरिबा आळशी माणूस नव्हता. आलेला माल तो त्याच दिवशी फोडून, वेगळा करून मोकळा व्हायचा. 

हरिबा भंगाराच्या ढिगाजवळ पाटावर बसला होता. समोर वजनाचा काटा, त्याला झेंडूची माळ, शेजारी लोखंडी घण, घणाला हळदकुंकू. घणापुढे नारळ आणि नारळाच्या पलीकडे, तोंड बांधलेलं, रवीचं पोतं.

"बंदुका फोडल्या का बे?" रवीने गाडीवरूनच विचारलं.

"कशानं फोडू?" हरिबा म्हणाला. "परवा अंधारात आनून टाकल्या तू. काल सकाळधरनं काटा आन् घन पुजेत हायत. वजन केल्याबिगर मी मालाला हात लावत न्हाई. औंदा पूजा हलवायला जरा उशीरच झाला, म्या पाव्हन्याकडं गेलतो. ही आता हलवनार, आन् पैलं तुझंच पोतं घेनार हुतो."

आप्पा तिथल्या एका मोडक्या फ्रिजवर बसले आणि त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. त्यांनी ते लपवलंही नाही. हरिबाने पोतं पुढे सरकवलं आणि वजन झालेलं नसल्यामुळे माल अजून तुमचाच आहे, असं सांगून नारळ फोडायला घेतला. त्यातलं खोबरं दोघांच्या हातावर ठेवल्याशिवाय मात्र त्याने त्यांना सोडलं नाही.

मैदानात परतल्यावर आप्पांनी पोतं उघडलं आणि एकेक बंदूक काढून दांडी मागे ओढली. खटक. खटक. खटक. दहा वेळा तोच आवाज आला. चार नंबरची एक रिंग सैल वाटली म्हणून त्यांनी खिशातून दुसरी काढून बसवली. पंपवाल्याच्या खिशात रिंगा असतातच. नव्या बंदुकांच्या हवेच्या टाक्या आणि गोळ्या काढून जुन्यांना चढवल्या, आणि पंधरा मिनिटांत दहाही तयार झाल्या.

प्रियदर्शनीने बंदूक हातात घेतली आणि कुरकुरली, की ही तर तीच जुनी. सुंदररावांनी मात्र आपली बंदूक तळहातावर तोलली, दोनदा तोलली, आणि मुखवटा पुन्हा तोंडावर ओढला. "वजन हाय हिला," ते म्हणाले आणि धोतराचा काचा मारून टायरांमागे गेले.

पुढचा तासभर जो खेळ झाला तसा त्या मैदानावर कधी झाला नव्हता. एका खटक्याला एकच गोळी, त्यामुळे प्रत्येकाला नेम धरावा लागत होता. उगाच फवारा मारणं नव्हतं. माणसं कडब्याच्या पेंढ्यांमागे श्वास रोखून बसत होती, सरपटत होती, हळूच डोकावत होती. सुंदररावांनी आपल्या सख्ख्या मुलाला तीनदा बाद केलं, त्यातलं एकदा पाठीमागून. विजयसिंहाने तक्रार केली तेव्हा म्हातारा म्हणाला, की राजकारण शिकायचं असलं तर पाठीकडे लक्ष ठेव. शेवटी प्रियदर्शनीने टायराच्या भोकातून आजोबांच्या बरोबर छातीवर गोळी फोडली आणि पुढे दहा मिनिटं ती तेच सगळ्यांना सांगत होती. एकही बंदूक अडकली नाही. जाताना सुंदररावांनी रवीच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि सांगितलं, की दिवाळीत पुन्हा येऊ, पंचवीस जण येऊ, सोयरेही आणू.

रवीने आप्पांकडे बघितलं.  आप्पा एवढंच म्हणाले, की पाइपा दुकानाच्या बाजूला उभ्या केल्या तरी मावतील. रवीला एवढं हलकं वाटलं की त्याने तिथेच आईच्या पाया पडून घेतलं. आपण काय चांगलं केलं ते उमाबाईंना कळलं नाही, पण त्यांनी आशीर्वाद दिला.

गाड्या निघण्याआधी प्रियदर्शनी म्हणाली, की ग्रुप फोटो. सगळे ओळीत उभे राहिले आणि ज्याने त्याने हातातली जुनी बंदूक खाली ठेवून टेबलावरची नवी उचलली. निळे लाइट लावले. सुंदररावांनीसुद्धा. तासभर ज्यांनी जीव तोडून साथ दिली त्या दहा बंदुका पायाशी मातीत पडल्या होत्या आणि फोटोत एकही आली नाही. आप्पा हे सगळं दुकानाच्या पायरीवरून बघत होते. रवीला त्यांच्याकडे बघवेना.

गाड्या गेल्यावर रवीने चार नंबरची जुनी बंदूक उचलली, पंच्याने पुसावी तशी आपल्या शर्टाने पुसली आणि आप्पांच्या हातात दिली. "आप्पा, तुमचा बी एक फोटो काढू. हिच्यासंगट. दुकानात लावू."

आप्पांनी बंदूक घेतली. तिच्यावरून एकदा हात फिरवला, दांडी ओढून खटका ऐकला आणि ती जपून पायरीवर, सावलीत ठेवली. मग टोपी सरळ केली.

"फोटोला ही नको," ते म्हणाले. "ती लायटीची दे."