रांजणांवरचा तंबू

बायको दोन दिवस बहिणीकडे गेली आणि मा तेसिकने मिरच्या विज्ञानाच्या ताब्यात द्यायचं ठरवलं.

ऑगस्टअखेर योंग्यांगच्या खेड्यांत आभाळ भरून आलं, की बायका अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या उचलून घरातल्या तापवलेल्या जमिनीवर पसरतात. "तेवढंच करा," मालसुन बजावून गेली होती. "वर्षाच्या किमचीचं तिखट आहे ते. आणि माझ्या रांजणांना हात लावू नका."

पण तेसिक वीजखात्यातून निवृत्त झालेला, आणि त्याच्याकडे छापील पत्रक होतं. (असली पत्रकं काढणाऱ्या तज्ज्ञांना आठवडाभर ओल्या मिरच्यांसोबत कोंडलं पाहिजे!) त्यात लिहिलं होतं: दिवसा उष्णता साठवेल असं काहीतरी वाळवणाखाली ठेवा, ऊन गेल्यावरही मिरची वाळत राहील. दगड चालतील, पाणी चालेल.

अंगणात अकरा काळेभोर रांजण आयते उभे होते, सोयाबीनच्या खारट रसाने आणि आंबवलेल्या लगद्याने गच्च. तेसिकने त्यांना हात लावलाच नाही. नुसता वरून प्लास्टिकचा तंबू ठोकला आणि आत मिरच्यांच्या जाळ्या टांगल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिरच्या खुळखुळू लागल्या. पाठोपाठ रांजणही बोलू लागले. बुडुक. बुडुक.

"मिनजेच्या बाबा, काय शिजतंय रे?" कुंपणापलीकडून पुन्नेआजीने विचारलं.

"काही नाही आजी, उष्णता साठतेय."

"साठतेय कसली, उतू चाललीय! तुझ्या आईचा रांजण ना तो?"

तोच होता. सासूच्या हातचा लगदा मालसुनने दरसाल नव्याची भर घालून चाळीस वर्षं जिवंत ठेवला होता. तेसिकने धावत जाऊन, उपड्या घमेल्यावर चढून झाकण धरलं, ते तापलेलं निघालं, हातातून निसटलं आणि फुटलं. आत गार वारा शिरावा म्हणून त्याने तंबू टराटरा फाडला. वाऱ्याबरोबर पाऊसही आत आला.

"पाणी जाऊ देऊ नकोस!" आजी ओरडली. "अळ्या पडतील!"

"आजी, तेवढ्या मिरच्या उचला!"

"मेल्या, माझी कंबर मला उचलत नाही!"

चारची बस आली तेव्हा मिरच्या भिजत होत्या आणि तेसिक आईच्या रांजणावर छत्रीसारखा ओणवा झाला होता. अर्धा तास झाला होता. पाठीवरून पाण्याचे ओहोळ वाहत होते, पण आत थेंब गेला नव्हता.

मालसुनने फाटका तंबू पाहिला, मिरच्या पाहिल्या, नवरा पाहिला.

"आईचा रांजण वाचवला," तो म्हणाला. "हललो असतो तर गेला असता."

"बरं झालं. आता जरा खाली उतरा."

"का?"

"ज्या घमेल्यावर उभे आहात, ते रांजणावर उपडं घालते."

घमेलं अगदी बरोबर बसलं.