मायनसगावचा वाटाड्या

थंडीला वास असतो, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळले. ओल्या पुठ्ठ्याचा, थिजलेल्या वाटाण्यांचा आणि त्यांच्यामागून सुईसारखा नाकात शिरणाऱ्या अमोनियाचा तो वास हिराजी भोईरांच्या अंगाला बारा महिने येत असे. मे महिन्यात, कर्जतच्या भिंतीसुद्धा घामेजलेल्या असताना, आमच्या आळीत आधी तो वास शिरे आणि त्याच्यामागून मोटारसायकलवर माकडटोपी नि मफलर घातलेले हिराजीभाऊ. नवख्या माणसाला वाटे, बिचाऱ्याला हिवताप भरला आहे. आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक असे की हे गृहस्थ उणे अठरातून घरी निघून आले आहेत, पण मनाने अजून पोचलेले नाहीत.

हिराजीभाऊ मूळचे पोशीरचे. भाताची खाचरे भावांवर सोपवून ते कुंभिवलीच्या हायवेलगतच्या एका शीतगृहात लागले. आधी माल उतरवायला, मग सुपरवायझर म्हणून, अशी पंचवीसेक वर्षे त्यांनी तिथल्या बर्फात काढली. "काय उकडतंय हो!" असे कुणी सहज म्हटले की ते शांतपणे सांगत, "आमच्याकडं आज मायनस एकोनीस हाय." आपल्या गावच्या आंब्याविषयी बोलताना माणसाचा जो स्वर लागतो, तोच त्यांचा थंडीविषयी बोलताना लागे. माणसेही ते अंशांवर मोजत. आळीतल्या सोनाराला त्यांनी 'मायनस वीसचा' ठरवले होते, म्हणजे कितीही दिवस ठेवा, बिघडणार नाही. नव्याने राहायला आलेले एक बँकवाले 'व्हरांड्यातले', म्हणजे शीतखोलीच्या दाराबाहेरच्या जरा कमी थंड जागेतले, धड आत ना बाहेर. मी निवृत्त प्राध्यापिका, कविता लिहिणारी, जरा काही झाले की डोळे भरून येणारी. माझी वर्गवारी त्यांनी माझ्या तोंडावरच केली होती. "बाई म्हंजे पालेभाजी. सांभालून न्यायला लागते."

ही पालेभाजी थेट उत्तर ध्रुवाच्या वाटेला लागण्याची वेळ आली, ती माझ्या लेकीमुळे, मुक्तामुळे. नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला एका लहानशा शहरात ती समुद्री शेवाळाचा अभ्यास करते. डिसेंबरात तिचे दिवस भरत होते. नवरा सर्वेक्षणाच्या जहाजावर, फेब्रुवारीपर्यंत परतण्याची शक्यता नाही. तिला विमानप्रवास वर्ज्य. लेक बाळंतपणाला माहेरी येते. इथे माहेरालाच उठून लेकीकडे जायचे होते. आणि मी एकटीने केलेला सर्वांत लांबचा प्रवास नागपूरचा होता, तोही स्टेशनवर घ्यायला माणसे आलेली असताना. वेळेवर पोचले नाही तर ती त्या काळोख्या गावात एकटीच बाळंत होईल, या एका विचाराने माझी झोप उडाली होती.

हे सारे मी हिराजीभाऊंच्या पत्नीला, सुगंधावहिनींना, त्यांच्या ओटीवर बसून सांगत होते. आतून प्रश्न आला, "किती डिगरी?"

त्या प्रश्नापासून माझी शिकवणी सुरू झाली.

शहराचे नाव उच्चारायचा प्रयत्न हिराजीभाऊंनी दोन संध्याकाळी केला, आणि मग 'मायनसगाव' असे त्याचे बारसे करून ते मोकळे झाले. मुक्ताला त्यांनी व्हिडिओवर गाठले आणि एखाद्या ट्रकचालकाची चौकशी करावी तशी तिची उलटतपासणी घेतली. विमानतळावरून गाडी मिळते का? ती फाट्यावर थांबते की घरापाशी? रस्त्याला चढ किती?

"काका, बसला हात दाखवावा लागतो," मुक्ता म्हणाली, "आणि कपड्यांवर चकाकणारी पट्टी हवी. अंधारात ड्रायव्हरला माणूस दिसलं नाही तर गाडी सरळ पुढे जाते."

"पन बाई तर दुपारी उतरनार."

"दुपारीसुद्धा अंधारच असतो, काका. सूर्य दोन महिने उगवतच नाही."

हिराजीभाऊंनी माकडटोपी काढून डोके खाजवले. "दोन महिने? नि कुनी तक्रार केली नाय?"

दुसऱ्या दिवसापासून माझ्या हाती गुलाबी चिठ्ठ्या येऊ लागल्या. शीतगृहाच्या फाटकावर आत येणाऱ्या गाडीला जो पास देतात, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते सूचना लिहीत. 'ओल्या हाताने लोखंड धरू नये.' 'खिशात गूळदाणे. पोट हा बॉयलर.' 'बर्फावर बदकासारखे चालावे. पाऊल सपाट, हात खिशाबाहेर.' मात्र पास कोरा राहिलेला त्यांना पाहवत नसे, म्हणून पुढचे रकानेही ते भरून टाकत. येणाऱ्याचे नाव: बाई. वाहन: विमान. माल: डिंक, खारीक, अळीव.

"कापूस म्हंजे दुश्मन, बाई," ते बजावत. "घाम पितो, नि मंग त्याच घामाचा तुमच्या पाठीवर बरफ करतो. आतून लोकर, वरून लोकर, त्याच्यावर वारा अडवनारं. नि सगलं ढिल्लं! मोजं घट्ट घातलं का रगात बोटांपर्यंत जात नाय."

"आणि साडी?"

"साडी बॅगेत. ती खोलीत नेसायची."

डिंकाच्या लाडवांवरून तर घरात रणधुमाळी माजली. सुगंधावहिनींनी कढईत तूप सोडले आणि हिराजीभाऊ ओरडले, "तूप नको! तूप म्हंजे डेअरी. डेअरीचा माल बाडरवर अडवतात."

"मंग लाडवात काय घालू? तुमचा अमोनिया?"

"कोरडं मिश्रन न्या, बाई. लोनी तिथं घ्या नि तूप कढवा. गाई त्यांच्याकडं पन हायत."

मी नियम तपासून पाहिले. त्यांचे खरे होते. वहिनींनी झारा आपटला, तो मात्र बराच वेळ वाजत राहिला.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी त्यांनी मला कुंभिवलीला नेले. परीक्षा होती. त्यांचे निळे जाकीट माझ्या अंगात गुडघ्यापर्यंत आले. छातीपाठीवर चकाकत्या पट्ट्या, बाहीला वाटाण्यांचा वास. जाड दार बंद झाले आणि मी उणे अठरात उभी राहिले. त्या थंडीत आवाजसुद्धा गोठून खाली पडल्यासारखे वाटत होते. माझाच श्वास मला पांढरा दिसत होता. नाकातले केस तारांसारखे ताठ झाले होते. बाहेर हिराजीभाऊ दर दोन मिनिटांनी दारावर थाप मारत आणि मी आतून "आहे!" म्हणून ओरडत असे. कवितेची एक ओळ सुचू पाहत होती, पण प्रत्येक थापेसरशी ती दचकून पळाली.

पंधरा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा चष्मा क्षणात आंधळा झाला. हिराजीभाऊ माझ्या पर्सकडे बोट दाखवून म्हणाले, "फोन बघा."

फोन बंद पडला होता.

"बघितलात? आता मुक्ताचा फोन आला आसता तर?" मला वाटले, ते जिंकल्यासारखे हसतील. ते हसले नाहीत. माझ्या हातातून फोन घेऊन त्यांनी तो पुन्हा उजळेपर्यंत स्वतःच्या दोन्ही तळव्यांत धरून ठेवला. मग एवढेच म्हणाले, "छातीशी ठेवायचा. आतल्या कापडात. कदी वरच्या खिशात नाय."

संध्याकाळी सुगंधावहिनींच्या ओटीवर आल्याचा चहा घेत मी हा प्रसंग हसत सांगितला. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"फोनचं बोलले ना? बोलनारच. आमच्या लग्नाला दोन वर्सं झालेली. मला पोटात कला सुरू झाल्या तवा हे आत, माल उतरवत. नवा नवा फोन घेतलेला, वरच्या खिशात. थंडीनं बंद पडला. माझा भाऊ दिवसभर फोन लावत होता. हे घरी आलं तवा पोराला पोचवून आलेली मानसं अंगनात बसलेली. यांनी त्याचं तोंड पन नाय बघितलं." त्यांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "मंग दुसरं झालंच नाय. चहात साखर हाय का बघा."

साखर होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी निघाले. दोन विमाने बदलली, ज्याला जे दाखवायचे ते दाखवले, एकदा चुकून सफाईच्या खोलीत शिरून परत आले, आणि दुपारी साडेबाराला शाईत पाणी मिसळावे तशा निळ्या अंधारात उतरले. बसला हात दाखवला. हिराजीभाऊंनी सोबत दिलेल्या त्या निळ्या जाकिटावरच्या पट्ट्या अशा लखाखल्या की ड्रायव्हरने लांबूनच वेग कमी केला. मुक्ता दारात उभी होती, भरल्या पोटाने, आणि माझे जाकीट पाहून तिला इतके हसू आले की मला तिला धरून आत न्यावे लागले. मी वेळेत पोचले होते. जोडे काढायच्या आधी मी तिथेच पायरीवर बसून थोडे रडून घेतले.

मग हिराजीभाऊंना फोन केला.

"किती डिगरी?"

"उणे तीन."

पलीकडून अतिशय दुखावलेला आवाज आला, "एवढा तर आमचा व्हरांडा हाय, बाई."

मायनसगावाने त्यांची घोर निराशा केली होती. समुद्रातल्या उबदार प्रवाहाचे कारण मी सांगून पाहिले, पण त्यांना ती पळवाट वाटली. तरी रोज न चुकता, तिथल्या बाराला म्हणजे आपल्याकडच्या साडेचाराला, त्यांचा फोन येई. "किती डिगरी?" मी सांगे. "बरं," म्हणून ते ठेवून देत. बाळंतपणाविषयी एक अक्षर नाही. सुरुवातीला मला त्याचा राग येई. मग सुगंधावहिनींचे सूप डोळ्यांपुढे येई, आणि मी खिडकीतल्या तापमापकावरचा आकडा दशांशासकट वाचून दाखवे.

सांगितलेली तारीख आली आणि गेली. आठ दिवस उलटले. मी मुक्तासमोर गुणगुणत स्वयंपाक करी आणि न्हाणीघरात जाऊन देवाचे नाव घेई. नवव्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या, आणि त्याच सकाळी बर्फावर पाऊस पडला. सारी उतरण काचेसारखी झाली. टॅक्सी वर येईना. खाली मोठ्या रस्त्यावर उभी राहिली. मी मुक्ताला कमरेत धरले.

"बदकासारखं, मुक्ता. पाऊल सपाट. हात खिशाबाहेर."

"आई गं... हे तुला कुणी शिकवलं?"

"कुंभिवलीला शिकवतात. तू चाल."

कळ येई तेव्हा आम्ही थांबत होतो, ओसरली की दोन बदके पुन्हा निघत. टॅक्सीत बसल्यावर मी हिराजीभाऊंना एक ओळ पाठवली: मुक्ताला दवाखान्यात नेते आहे.

सुगंधावहिनींनी नंतर सांगितले, तो निरोप वाचून त्या दिवशी हिराजीभाऊ दुपारच्या पाळीला गेले, पण पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आत पाऊल टाकले नाही. जेवणाचा डबा तसाच राहिला. हायवेच्या कडेला, जिथे फोन नीट लागतो तिथे, ते स्टूल टाकून बसून राहिले. ट्रकवाले विचारायला आले की हाताने दुसऱ्या माणसाकडे बोट दाखवत.

इकडे मी एका फिक्या भिंतीपाशी उभी होते. दारामागे सुइणीचे शब्द, न कळणाऱ्या भाषेतले पण कळणाऱ्या स्वरातले, मुक्ताचे कण्हणे, मग काहीच नाही. आयुष्यात इतकी लांब शांतता मी ऐकलेली नाही. आणि मग ओल्या लाकडाने चरचरत पेट घ्यावा तसे ते रडणे आले. मुलगी. कुणीतरी तिला माझ्या हातांत दिले. तिच्या टाळूला नुकत्याच उतरवलेल्या भाताच्या वाफेसारखा वास होता. मुक्ताने पाणी मागितले, आणि पाठोपाठ, कोरड्या ओठांनी हसत, लाडू. माझ्या मानेपासून काहीतरी सैल होत गेले. कितीतरी आठवडे मी खांदे वर उचलूनच वावरत होते, हे ते खाली आले तेव्हा समजले.

मी खिडकीपाशी येऊन फोन लावला. पहिली घंटी पुरी होण्याआधीच तो उचलला गेला. नेहमीचा प्रश्न येईल म्हणून मी बाहेरचा आकडाही पाहून ठेवला होता. पण आधी नुसता हायवे ऐकू आला, घाटाकडे निघालेल्या ट्रकांची घरघर. मग एका माणसाचा श्वास. आणि मग, अगदी हळू,

"सुटली?"