कै. शांतम्मा यांच्या अर्जावरील निर्णय

वकिलीची सनद मिळवायला माणसाला मोजक्या परीक्षा द्याव्या लागतात. ती काढून घ्यायची म्हटली की मात्र परीक्षांना अंत नसतो, आणि त्या सनदवाल्याने नव्हे तर काढून घेणाऱ्यांनी द्यायच्या असतात. आमच्या तीन सदस्यांच्या शिस्त समितीने अशा परीक्षा सलग चार वर्षे दिल्या. मी त्या समितीचा दुसरा सदस्य आणि चिटणीस असल्यामुळे पुढील हकिकत पूर्णपणे निःपक्षपाती आहे. (चहापाण्याची व्यवस्थाही माझ्याकडेच होती.)

प्रकरण ॲडव्होकेट चन्नबसप्पा येरटे यांचे. बनावट दस्तऐवज केल्याबद्दल त्यांना सात वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. परंतु साहेबांच्या कार्याची थोरवी समजायची तर १९९३ च्या भूकंपापर्यंत मागे जावे लागेल. निलंग्याकडच्या होळकुंडी गावात तेव्हा घरे उरली नव्हती आणि कागद लिहिता येणारी माणसेही फारशी उरली नव्हती. येरटेसाहेब पहिल्याच आठवड्यात लातूरहून तिथे पोचले, लिंबाखाली टेबल टाकले आणि लोकांचे फॉर्म फुकट भरून दिले. इतरांनी बिस्किटे वाटली, ब्लँकेटे वाटली. साहेबांनी वारस वाटले.

गावातल्या शांतम्मा नावाच्या निपुत्रिक विधवाबाई त्या वेळी भाचीच्या बाळंतपणाला कंधारला गेल्या होत्या. एकवीस दिवसांनी परत आल्या, तेव्हा यादीत अनुक्रमांक २१७ वर त्या मयत होत्या. त्यांचा अंत्यविधीही झाला होता. (सामुदायिक असल्यामुळे त्यांची वाट पाहिली गेली नाही.) त्यांना दीर नव्हता, तरी येरटेसाहेबांचे मेहुणे गुंडप्पा हे त्यांचे एकुलते एक पुतणे निघाले. नव्या गावठाणात शांतम्मांच्या वाट्याचे दोन खोल्यांचे घर गुंडप्पांना मिळाले आणि शांतम्मा त्याच घराच्या समोर पत्र्याच्या शेडात राहू लागल्या. आपल्या पुतण्याला त्यांनी तोवर कधी पाहिले नव्हते. आता तो रोज सकाळी ओट्यावर दात घासताना दिसे.

खटला नऊ वर्षे चालला. न्यायाधीशांनी शांतम्मांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि त्या जिवंत आहेत असे मानले, ही पद्धत आता जुनी झाली. निकालपत्रात आरोपी दोषी असल्याचे लिहिले गेले. शांतम्मांना नोंदीत जिवंत करावे असे मात्र त्यात कुठेही नव्हते, कारण तशी मागणीच कुणी केली नव्हती. येरटेसाहेबांनी अपील केले, जामिनावर सुटले, आणि ते लातुरात परतले त्या दिवशी बाररूममध्ये त्यांचा फेटा बांधून सत्कार झाला. हा सत्कार शिक्षेबद्दल होता की सुटकेबद्दल, हे निमंत्रणात स्पष्ट नव्हते. मी दोन्ही शक्यता लक्षात घेऊन टाळ्या वाजवल्या.

निकालाची प्रत घेऊन शांतम्मा तहसील कचेरीत गेल्या. तिथल्या कारकुनाने त्यांना खुर्ची दिली आणि मोठ्या मायेने समजावले.

"मावशे, तुमच्या मयतीच्या कागदावर वकिलाची सही हाय. त्यांची सनद हाय तवर कागद खरा. सनद रद्द झाल्याचा हुकूम आना, संध्याकाळपावतर तुमाला जित्तं करून टाकतो."

अशा रीतीने शांतम्मांचा जीव येरटेसाहेबांच्या सनदेत अडकला आणि त्यांचा अर्ज आमच्या समितीपुढे आला.

आमचे अध्यक्ष सिद्धेश्वरअप्पा हे कायद्याचे गाढे जाणकार. गंभीर गुन्ह्यात नैतिक अधःपतन दिसले तर सनद रद्द होते, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत वाचून दाखवले. मग चष्मा काढून ते म्हणाले, "पण पडायला आधी मानूस वर पायजे. येरटे कधी वर होता, ते कुनी शाबित केलंय का?" या मुद्द्यावर अकरा बैठका झाल्या. तिसरे सदस्य चार वर्षांत एकदाच बोलले, तेही पंख्याविषयी.

बाराव्या बैठकीत नियम नऊ निघाला. तक्रारदार हयात असावा आणि त्याने हयातीचा दाखला जोडावा, असे त्यात म्हटले होते. शांतम्मांकडे हयातीचा दाखला नव्हता, कारण तो तहसीलमधून मिळायचा होता, आणि तहसीलला आमचा हुकूम हवा होता. आम्ही त्यांना मुदत दिली. त्यांनी ती घेतली. पुढे तेवीस तारखांना त्या निलंग्याहून एसटीने आल्या, आणि प्रत्येक वेळी मी रोजनाम्यात 'तक्रारदार गैरहजर' असे लिहिले. मयताला हजर दाखवण्याची सोय आमच्या रोजनाम्यात नाही. त्या बाकावर बसून माझ्याकडे पाणी मागत आणि मी देत असे.

दरम्यान येरटेसाहेब स्वस्थ बसले नव्हते. शिक्षा झालेल्या वकिलाने कोर्टात उभे राहणे बरे दिसत नाही, एवढी नाजूक जाण त्यांना होती. म्हणून त्यांनी लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत 'येरटे डॉक्युमेंट्स ॲकॅडमी' काढली. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी शिकवणारे पुष्कळ होते. प्रवेशाला लागणारा चौथा विषय, म्हणजे कागदपत्रे, आजवर कुणीच शिकवत नव्हते. भूकंपग्रस्तांच्या मुलांना काही जागा राखीव असल्याचे साहेबांच्या लक्षात आले आणि भूकंपाची व्याप्ती वाढू लागली. होळकुंडीत घरे होती तीनशे बारा. आता होळकुंडीचे भूकंपग्रस्त म्हणून एका वर्षात अर्ज करणारी मुले एक हजार नऊशे अडतीस. धक्के पार नांदेडच्या पुढे गेले. ज्या घरात बारावीला ब्याऐंशी टक्के पडले, त्या घराला हटकून तडा गेलेला असे. शहाण्णव टक्केवाल्यांची घरे मजबूत होती.

माझी मुलगी तूबा हिचे घरही भूकंपग्रस्त आहे. (त्या पहाटे आमच्या लातूरच्या घरात फडताळावरून साखरेचा डबा पडला होता.) हे समितीपासून लपवण्याचा माझा हेतू नव्हता. कुणी विचारलेच नाही. सिद्धेश्वरअप्पांचा नातूही ॲकॅडमीत तिच्याच बॅचला होता.

शेवटी, लोकांचे मत घ्यावे म्हणून आम्ही वर्तमानपत्रात नोटीस दिली. येरटे यांची सनद रद्द करण्यास कुणाची हरकत आहे काय? हरकती आल्या एक हजार नऊशे अडतीस. सर्वांचा मजकूर एकच होता, सह्या मात्र निरनिराळ्या आणि अस्सल होत्या. कारण उघड होते. साहेबांची सनद गेली असती तर त्यांच्या सहीशिक्क्याचे सगळे कागद चौकशीला आले असते, आणि मुलांच्या जागा गेल्या असत्या. एका बाजूला एक बाई, तीही नोंदीप्रमाणे मेलेली. दुसऱ्या बाजूला जिल्ह्याचे होऊ घातलेले डॉक्टर. तराजू हातात धरणाऱ्याला अशा वेळी हात फार हलवावा लागत नाही.

तरीही येरटेसाहेबांचे मन मोठे. शेवटच्या सुनावणीला ते स्वतः आले आणि शांतम्मांच्या शेजारी बाकावर बसले.

"अक्का," ते म्हणाले, "तुमचे हाल मला बघवेना गेलेत. बिदरकडची एक नीलम्मा होती, सालगड्याची बायको. भूकंपात गेली, पन यादीत आलीच न्हाई. कागदावर जित्तीच हाय बघा. तिचं सगळं तुमच्या नावानं, म्हंजे तुमचं तिच्या नावानं करून देतो. रेशन, निराधाराचा पगार, समदं चालू. एक रुपाया घेनार न्हाई."

ही सूचना इतकी व्यवहारी होती की सिद्धेश्वरअप्पांनी मान डोलावली. तिसऱ्या सदस्यांनीही डोलावली. शांतम्मांना कसेतरी दोन वेळचे मिळत होते, अंगावरचे लुगडे दोनदा शिवलेले होते, आणि शेडाचे पत्रे उन्हाळ्यात हात लावू देत नसत. मला वाटले, प्रश्न सुटला.

"आन् ती नीलम्मा?" शांतम्मांनी विचारले.

"ती मेलीय की अक्का."

"मग तिला मरू द्या न्हवं नीट. तिचं बी कुनी आसंल. ते हुडकायला आलं तर मी काय सांगू? मी शांतम्मा हाय. घर दिऊ नगा, रेशन दिऊ नगा, पन मी जित्ती हाय येवढं ल्ह्या. लई न्हाई मागत."

येरटेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. ते खरे होते असे माझे मत आहे, कारण मदत नाकारली गेली की त्यांना नेहमीच वाईट वाटते.

निर्णय एकमताने झाला. 'अर्जदार मयत असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. ॲड. येरटे यांची सनद अबाधित राहील.' वाचून दाखवण्याचे काम चिटणिसाचे असते. शांतम्मा भिंतीला हात टेकून, उभ्या राहून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "मकसूद, चार वर्सं तू मला हितं पानी दिलंस. मेलेल्याला पाजलंस का रं, लेकरा?"

मला लाज वाटली. इतिवृत्तात तसा रकाना नसल्यामुळे ती तिथे नोंदवलेली नाही. त्या खाली उतरून गेल्या आणि मी फाईल बांधली.

नियमाप्रमाणे प्रकरणाची हकिकत हरकत घेणाऱ्या प्रत्येकाला पाठवावी लागते. ही तुमच्या हातात आली आहे ती त्यामुळेच. आपण अशी हरकत कधी घेतलीच नाही, असे तुम्ही आता म्हणाल. सगळेच म्हणतात. मुलाच्या प्रवेशाच्या फॉर्मांचा जाड गठ्ठा तुम्हाला आठवत असेल. त्यात वसतिगृहाच्या नियमांनंतर आणि रक्तगटाच्या आधी एक पान होते. मागे रांग होती, तुम्हाला घाई होती, आणि ॲकॅडमीचा माणूस बोट ठेवील तिथे तुम्ही सही करत होतात. 'येरटे यांची सनद रद्द करण्यास माझी हरकत आहे. होळकुंडीच्या शांतम्मा मयत असल्याचे मला खात्रीपूर्वक माहीत आहे,' असे त्या पानावर आहे. खाली साक्षीदार म्हणून तुमच्या मुलाने सही केली आहे. अक्षर चांगले आहे.