नाव नंतर घेतो

"नाव घेतल्याबिगर उंबरा वलांडू देणार न्हाई, दादा! घे, घे नाव!"

जानूवन्संचा तो आवाज धोंडाबाईच्या कानात अजून तसाच होता. भाजे गावातलं घर, दारात आडवा धरलेला नणंदेचा हात, बौद्ध लग्नातल्या पांढऱ्या पातळातली नवी नवरी आणि शेजारी घामानं निथळणारा सखाराम. साऱ्या भावकीनं कान टवकारलेले. सखारामनं घसा खाकरला, ओठ हलवले, पुन्हा मिटले. मग म्हणाला, "नंतर घेतो." आणि बहिणीच्या हाताखालून वाकून एकटाच घरात निघून गेला.

त्या 'नंतर'ला आता चाळीस वर्षं होत आली होती.

मधल्या काळात सखारामनं बायकोला "अगं" म्हटलं, "ऐकलं का" म्हटलं, "प्रदीपची आई" म्हटलं, चारचौघांत "आमची मंडळी" म्हटलं. एकदा ती तापानं फणफणली तेव्हा लोणावळ्याच्या दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं, "पेशंटचं नाव?" तर त्यानं मुकाट खिशातून तिचं आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मळवलीच्या ज्या बंगल्याची दोघं राखण करत, तिथं येणारे पाहुणे तिला मावशी म्हणत. नावानं हाक मारणारी एक आई होती, तीही गेली. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून आईनं हिचं नाव धोंडा ठेवलं होतं; धोंड्यासारखी टिकू दे म्हणून. आईच्या तोंडी ते नाव जात्यावरच्या ओवीसारखं गोड लागायचं. पण नवऱ्याला ते खडबडीत वाटत असणार, चारचौघांत घ्यायची लाज वाटत असणार, असं धोंडाबाईनं मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारलं मात्र कधी नव्हतं. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

अशी ही दोघं त्या पौर्णिमेच्या सकाळी श्रीलंकेत, अनुराधपूरच्या बस स्टँडवर उभी होती. लोणावळ्याच्या हॉटेलात कांदे चिरता चिरता शिकलेला प्रदीप आता कँडीच्या हॉटेलात स्वयंपाकी होता. त्यानं आईबापाला बोलावून घेतलं, अनुराधपूरचा बोधिवृक्ष दाखवला आणि ड्युटी लागली म्हणून आदल्या दिवशीच परत गेला. आता फोनवरून सूचना चालल्या होत्या.

"आई, तुला गाडी लागती. पुढं बस. कँडी शेवटचा स्टॉप हाय. अन् आबांवर नजर ठेव, ते हरवत्यात."

"मी हरवतो?" सखाराम फोनवर ओणवा होऊन ओरडला. "आरं, पार उर्सं गावापत्तुर रानातनं चालत गेलतो मी, कदी हरवलो का?"

गाडी आली. लाल, आपल्या एसटीसारखीच, खिडक्या खडखडणारी. धोंडाबाईला हायसं वाटलं. लेकाच्या सांगण्याप्रमाणे तिनं सगळ्यात पुढचं सीट धरलं, शेजारी सखाराम टेकला. खिडकीच्या वर काहीतरी पाटी होती. ती सीटं भिक्खूंसाठी राखलेली आहेत एवढंच तिच्यावर लिहिलं होतं, पण दोघांना वाचता येईल अशा लिपीत ते नव्हतं.

कंडक्टर आला. त्यानं धोंडाबाईकडं पाहिलं. वंदनेला नेसतात तसं स्वच्छ पांढरं पातळ, डोळे मिटलेले, ओठ घट्ट आवळलेले. ओठ आवळलेले होते ते उलटी होऊ नये म्हणून. पण कंडक्टरला वाटलं, पौर्णिमेचं शील पाळणारी कुणी थोर उपासिका ध्यानाला बसली आहे. त्यानं अदबीनं मान लववली. मग त्याची नजर शेजारच्या चौकटीच्या सदऱ्यावर आणि गालातल्या तंबाखूवर गेली. त्यानं सखारामला दंडाला धरून उठवलं.

"आरं बाबा, ती आमची मंडळी हाय!"

कंडक्टरनं मागं बोट दाखवलं.

"अगं, सांग की त्याला!"

"काय सांगू? तुमीच सांगा, मी कोन हाय ते," धोंडाबाई डोळे न उघडता म्हणाली.

तेवढ्यात गर्दीचा लोंढा आत शिरला आणि त्यानं सखारामला थेट शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं.

गाडी सुरू झाली. पलीकडच्या सीटवरच्या एका पिकल्या केसांच्या आजीनं धोंडाबाईला हात जोडले आणि काहीबाही विचारलं. धोंडाबाईला कळेना काय बोलावं. या मुलखातल्या लोकांना कळेल असं तिच्याजवळ एकच होतं. ते तिनं हळूच म्हटलं, "बुद्धं सरणं गच्छामि."

आजीचे डोळे पाणावले. तिनं पुढची ओळ उचलली. मागच्या बाकानं त्याच्या पुढची. भाज्याच्या विहारात पाठ केलेलं इथं साऱ्या गाडीला पाठ! धोंडाबाई उलटी विसरली. सरणं झाली, पंचशील झालं, आणि तिचा दबदबा एवढा वाढला की ड्रायव्हर खड्डासुद्धा तिला विचारल्यासारखा जपून घेऊ लागला.

ऊन डोक्यावर आलं तशी मागून हाक आली.

"अगं! डबा!"

धपाट्यांचा डबा तिच्या पिशवीत होता. पीठ घरून आणलेलं, धपाटी पहाटे गेस्टहाउसच्या शेगडीवर थापलेली. मधे उभ्या माणसांची भिंत. तिनं डबा आजीच्या हातात दिला आणि मागं बोट दाखवलं. आजीनं तो दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, उघडला, एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि मागं दिला. उपासिकेच्या हातचं मागच्या सगळ्यांना द्यायचं आहे, असा तिचा समज झाला होता. डबा बाकामागून बाक मागं चालला. प्रत्येकानं कपाळाला लावला. प्रत्येकानं तुकडा मोडला. एका माणसानं चटणीचं बोट चाटून "हाऽऽ" केलं आणि शेजाऱ्यालाही चटणी दिली.

सखारामच्या हातात डबा पोचला तेव्हा आत धपाटं नव्हतं. रिकाम्या डब्यात कुणीतरी कृतज्ञतेनं एक निळं कमळ ठेवलं होतं.

"हे खाऊ व्हय?" त्यानं शेजाऱ्याला विचारलं. शेजाऱ्यानं हात जोडले.

म्हणून वाटेतल्या दांबुल्लाच्या स्टँडवर गाडी थांबली तसा सखाराम मागच्या दारानं उतरला. समोर एक बाई कोळंबी बसवलेले वडे तळत होती. प्रदीपनं दिलेली एक नोट खिशात होती. त्यानं कमळ डाव्या हातात धरलं, उजव्यात वडा घेतला आणि पहिला घास तोडला. तेवढ्यात गाडी हलली.

फोन तिच्यापाशी, पासपोर्ट तिच्यापाशी. ओळखीचं म्हणून या मुलखात जे एक माणूस होतं, तेही गाडीतच. सखाराम धावला.

"अगं! अगं ए!"

आत पुन्हा सूत्रपठण सुरू झालं होतं. कोण ऐकतो?

"ऐकलं का! प्रदीपची आई! अवो मंडळी!"

चाळीस वर्षांचा साठा संपला. गाडीनं दुसरा गिअर टाकला. वडा कुठंतरी पडला. आणि सखारामच्या छातीतून, कधी न वापरलेल्या कोपऱ्यातून, हाक फुटली.

"धोंडाबाऽऽई!"

मागच्या दारातल्या माणसानं ती ऐकली. अर्थ कळला नाही, पण कमळ घेऊन धावणारा म्हातारा दिसला. त्यानं तीच हाक पुढच्याला दिली. डबा जसा हातोहात मागं आला होता, तसं नाव तोंडोतोंड पुढं निघालं. धोंडाबाई, धोंडाबाई, धोंडाबाई.

पुढच्या सीटवर धोंडाबाईनं डोळे उघडले. आजी तिच्याकडंच बघत तिचं नाव घेत होती. हे नाव इथं कुणाला ठाऊक? एकालाच. आणि तो तर कधी घेत नाही.

"थांबव रं बाबा!" ती ओरडली.

उपासिकेचा शब्द. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला.

सखारामला चार हातांनी वर ओढलं. धोंडाबाई पुढचं मानाचं सीट सोडून गर्दीतून वाट काढत शेवटच्या बाकावर आली. तिथं सगळ्यात जास्त आदळतं. लोकांनी तिच्यासाठी जागा केली.

"फोन माज्याकडं, अन् तुमी वडा खाया उतरला?"

"भुकेनं जीव चाललता. डब्यातनं फूल आलतं."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नाव घेतलं मगाशी."

"गाडी चाललती."

"लाज न्हाई वाटली?"

"कशाची?"

"धोंडा म्हनायची."

सखाराम तिच्याकडं बघतच राहिला. "लाज? अगं, लगीन ठरल्यापास्नं जुळवत हुतो मी. खाचरात चिखलनी करताना बैलांना म्हनून दावायचो. दारात जानूनं हात आडवा घातला आन् घशातच बसलं. समदी भावकी बघत हुती. मग नंतर म्हनलं, तर नंतर कुनी इचारलंच न्हाई."

"मी इचारते. घ्या आता."

"हितं? येवढ्या मान्सांत?"

"त्यान्ला कुनाला कळतंय?"

सखारामनं गाडीभर नजर फिरवली. खरंच होतं. त्यानं कमळ तिच्या हातात दिलं. घसा खाकरला. ओठ हलवले, आणि या खेपेला ते मिटले नाहीत.

"भाज्याच्या डोंगराला धोंड्याचं लेणं,
धोंडाबाईबिगर माजं कसलं जिणं!"

गाडीला ती नवी गाथाच वाटली. मग पुढच्या आजीपासून मागच्या दारापर्यंत सगळ्यांनी हात जोडले.

"साधु! साधु! साधु!"