न दिसणाऱ्या आगगाड्या

मोघेकाका दर रविवारी पाच वाजता टीव्हीसमोर बसून जे पाहत, त्याला पाहणं म्हणता येणार नाही. पडद्यावर फाटक्या रेघा आणि वर वर पळणारं काहीतरी करडं. त्यात अमेरिकेतली आगगाडी आहे, असं फक्त कॅसेटच्या खोक्यावर लिहिलेलं असे.

काका लंडनमध्ये स्टॅनमोरला आमच्या शेजारी एकटेच राहत. मुलगा मिलिंद शिकागोला. तो दर महिन्याला तिकडच्या रेल्वेवरचा एखादा जुना माहितीपट पाठवी. अमेरिकेतली कॅसेट इंग्लंडच्या व्हिडिओवर धड दिसत नाही; आवाज तेवढा येतो.

"अहो, दोन्हीकडच्या कॅसेट चालणारं मशीन मिळतं," मी म्हणालो.

"कशाला? खडखडाट ऐका. डबे मोजा!"

मी मोजले. सत्त्याऐंशी. काकांचे ब्याण्णव. आमचं कडाक्याचं भांडण झालं. तपासायला चित्र कुठे होतं?

तीन वर्षांत छत्तीस कॅसेट. मला असली नासाडी बघवत नाही. शेवटी मी ती भांडणातली कॅसेट गुपचूप दुकानात नेली आणि अठरा पौंड देऊन इथल्या मशीनवर दिसेल अशी करून आणली. रविवारी लावली. इंजिन, वाफ, दरीवरचा पूल, सगळं लख्ख. डबे चौऱ्याऐंशी निघाले. काकांनी घड्याळाकडे पाहिलं.

सहाला मिलिंदचा फोन आला. एरवी मी त्याआधी घरी जायचो. त्या दिवशी शाबासकीसाठी थांबलो.

"हो, दिसली. सगळी दिसली... हो, थंडी आहे... बरं, ठेवतो."

चार मिनिटं.

"एरवी चाळीस होतात," काका म्हणाले. "तो तिकडे त्याच कॅसेटची स्वतःची प्रत लावतो आणि मला सांगतो. आता पूल आला, आता बोगदा. दुसरं बोलायला आम्हाला काही नाही हो, देशपांडे." मग हळूच विचारलं, "ही परत बिघडवून मिळेल का?"

मी अठरा पौंडांची पावती खिशातच चुरगाळली.

मिलिंदला मात्र हुरूप आला. पुढच्या पार्सलात सहा कॅसेट, तिकडूनच बदलून घेतलेल्या. सहाही स्वच्छ.

त्या रविवारी काकांनी कॅसेट लावली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि फोनवर म्हणाले, "हल्ली डोळ्यांना दिसत नाही रे."

मिलिंदने मला फोनवर बोलावलं. "देशपांडेकाका, बाबांना आय टेस्टला नेलं का?"

आम्ही कुठेही गेलो नव्हतो.

"नेलं," मी म्हणालो. "चष्म्याने भागणार नाही, म्हणतात. तूच सांगत जा."

काकांनी रिसीव्हर घेतला. समोर गाडी पुलावर चढत होती.

"हं, बोल," ते म्हणाले. "कुठवर आली?"